एकशे सोळा नंबरची बाळंतीण

पुण्याच्या सहकारनगरात कुणाच्या घरी पाळणा हलला आणि आठवडाभरात शुभदाकाकूंचा डबा तिथे पोचला नाही, असं कधी झालंच नाही. कडीचा स्टीलचा डबा, आत डिंकाचे लाडू. ओळख असो, नसो. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या जोडप्याला मुलगी झाली तेव्हा त्यांचं आडनावही काकूंना माहीत नव्हतं, पण डबा गेला. "बाळंतिणीच्या पोटात तूप गेलं पाहिजे, मग ती कुठली का असेना," हा त्यांचा कायदा. नोकरी टेलिफोन खात्यात केलेली, निवृत्त झाल्या तरी फोन सुटला नाही. कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघायचंय, कुणाला रक्त हवंय, कुणाचा भाडेकरू पळाला, सगळं काकूंच्या कानावर यायचं आणि काकूंच्या तोंडून पुढे जायचं. त्यांच्या पोटात म्हणून काही राहत नसे. पण अहो, वाईट बोलण्यासाठी नव्हे हं! त्यांच्या बडबडीने किती जणांची अडलेली कामं झाली, हे सहकारनगर आजही सांगेल.

तर अशा या काकू दोन हजार वीसच्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आल्या, लेकीच्या बाळंतपणासाठी. लेक ऋता तिथल्या विद्यापीठात अस्वलांवर संशोधन करते. ग्रिझली म्हणतात ती मोठी, खांद्यावर उंचवटा असलेली, कॅनडाच्या डोंगरातली अस्वलं. जावई वेदांत अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या कचेऱ्यांच्या भागात बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. काकूंच्या बॅगेत स्वतःचे कपडे थोडे आणि डिंक, खारीक, आळीव, सुंठ जास्त. कस्टमवाल्याने डिंक हातात घेऊन विचारलं तेव्हा काकूंनी पोटावर हात ठेवून, मग पाळणा हलवल्यासारखे हात करून त्याला समजावलं. तो हसला आणि सोडलं त्याने.

फेब्रुवारीत नात झाली. सरकारी पद्धतीप्रमाणे आठवडाभर एक डच बाई घरी येऊन बाळबाळंतिणीचं बघत होती. ती ऋताला टोस्टवर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या घालून द्यायची आणि काकू मागून लाडू सरकवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बाळाच्या टाळूवर तेल कुणी लावायचं यावर भांडण मात्र रीतसर झालं. दिवस असे हसतखेळत चालले होते, आणि मार्च उजाडला.

मग काय, सगळं बंद. काकूंचं परतीचं विमान रद्द झालं. वेदांत माळ्यावरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला तो बसलाच. रस्ते ओस पडले. पोरांना फिरताना गंमत वाटावी म्हणून लोकांनी खिडक्यांत कापडी अस्वलं ठेवली होती. काकू नातीला गाडीत घालून कालव्याकाठी जायच्या तेव्हा प्रत्येक खिडकीतून एक अस्वल बघत असायचं आणि माणूस मात्र एकही दिसायचा नाही. "मेली काय अवकळा आलीय," त्या म्हणायच्या.

पण खरा जीव टांगणीला लागला होता तो पुण्यात. विश्वासराव, काकूंचे यजमान, घरात एकटे. मधुमेह, आणि चहापलीकडे स्वयंपाकाचा गंध नाही. पोळीवाली बंद, खानावळ बंद, सोसायटीच्या दाराला दोरी बांधलेली. पहिले दोन दिवस ते बिस्किटांवर राहिले आणि फोनवर "मस्त जेवलो" म्हणून सांगत राहिले. काकूंनी आवाजावरून ओळखलं. मग त्यांनी ग्रोनिंगनच्या सोफ्यावर बसून सहकारनगर हलवलं. शेजारच्या शामलाला फोन, शामलाच्या जावेला फोन, मेडिकलवाल्याला फोन, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विश्वासरावांच्या दाराबाहेर खुर्चीवर गरम वरणभात आला. मग दुसऱ्यांचंही सुरू झालं. मुंबईत अडकलेली कुणाची म्हातारी आई, तिकडेच रायस्वाइक गावात आजारी पडलेला वेदांतचा मित्र. काकू फोन करायच्या आणि कुठेतरी कुणाच्या तरी पानात अन्न पडायचं. त्या दिवसांत माणसं पटापट जात होती. रोज व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की कुणीतरी गेल्याची बातमी असायची. आपल्या हातून एवढं तरी होतंय, याचाच काकूंना आधार होता.

ऋताची रजा चालू होती, पण तिचं चित्त रजेवर नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिच्या टोळीतलं कुणीच डोंगरात जाऊ शकणार नव्हतं. सीमा बंद. उरलं होतं ते लॅपटॉपवरचा नकाशा बघणं. नकाशावर एक निळा ठिपका. ती एक अस्वलीण. तिच्या गळ्यात पट्टा होता, तो पट्टा उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळवायचा आणि दर थोड्या वेळाने ठिपका जरासा सरकायचा. कागदोपत्री तिचं नाव एकशे सोळा. पट्टा बांधला तेव्हा ऋता तिथे होती. गुंगीचं औषध देऊन निजवलेली ती, डोळ्यांवर फडकं, आणि ऋताचं काम म्हणजे तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणं. "आई, एवढी गरम होती ना ती! आणि तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता," ती सांगायची. नंबरच्या पलीकडे तिने अस्वलिणीला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की माया लागते आणि आकडे चुकतात, असं त्यांच्यात म्हणतात. माया लागायची राहिली होती थोडीच!

एप्रिल संपता संपता ठिपका हलला. एकशे सोळा गुहेतून बाहेर आली होती. वाटेवर झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने तिचा फोटो धाडला, आणि तिच्या मागे दोन पिल्लं, मांजराएवढी. ऋता ओरडलीच. बाळ दचकून उठलं.

"कधी व्याली?" काकूंनी विचारलं.

"जानेवारीत. गुहेतच."

"आणि खाल्लं काय एवढे दिवस?"

"काही नाही. नोव्हेंबरपासून अन्न नाही, पाणी नाही. अंगावरच्या चरबीवर जगते. त्याच चरबीचं दूध होतं."

काकू लेकीकडे बघतच राहिल्या. फोटो त्यांनी मोठा करून घेतला. कातडी सैल पडलेली, कंबर खपाटीला गेलेली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "ओली बाळंतीण, आणि पोटात अन्नाचा कण नाही!" त्या दिवसापासून घरात एकशे सोळा म्हणणं बंद झालं. सकाळी उठल्या उठल्या काकू विचारायच्या, "बाळंतीण कुठाय?"

बाळंतीण खाली उतरत होती. वर बर्फ होता आणि मोठे नर होते. नर पिल्लं मारतात म्हणून लेकुरवाळ्या मादीने माणसाच्या रस्त्याजवळ राहायचं, कारण तिथे नर यायला बिचकतो. ऋताचं संशोधन नेमकं याच्यावर होतं. एरवी रस्त्यावर गाड्यांची रांग असते, त्यामुळे ती झाडीतच दबकून असायची. या वर्षी डोंगरातले रस्तेच बंद होते. ती थेट डांबराच्या कडेला आली. तिथे कोवळं गवत, पिवळी फुलं, उकरायला मुळं. ठिपका एका वळणावर ठाण मांडून बसला.

ऋताला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. "जूनमध्ये रस्ता उघडणार," ती म्हणाली. "तेव्हा ही मागे सरकली पाहिजे. सरकेल. गाड्या न थांबता गेल्या तर आवाजाने आपोआप वर जाईल. पण लोक थांबले, बघत बसले, तर हिची भीती जाईल. आणि भीती गेलेलं अस्वल तिथे फार दिवस जिवंत ठेवत नाहीत. आई, ही मादी आठ वर्षांची झाली तेव्हा कुठे पहिल्यांदा पिल्लं जगायची शक्यता दिसतेय. त्या सगळ्या खोऱ्यात अशा मोजक्याच माद्या उरल्यात. ही गेली तर भरून निघायला कितीतरी वर्षं लागतील. तू हे ठिकाण कुणाला सांगू नकोस हं."

"मी कशाला कुणाला सांगतेय?" काकू म्हणाल्या, आणि खरंच मनापासून म्हणाल्या.

आता बघा, इथेच घात झाला. "कुणाला" म्हणजे कोण? काकूंच्या लेखी कुणी म्हणजे परका माणूस. वर्तमानपत्रवाला, शिकारी, असा कुणीतरी. घरचे त्यात येत नाहीत. घरच्यांना न सांगणं म्हणजे त्यांच्याशी लबाडी करणं. बहिणीचा मुलगा आशुतोष कॅनडातच कॅलगरीला राहतो, त्याची बायको भार्गवी म्हणजे सोन्यासारखी पोर. लॉकडाउनमध्ये तिला काकूंनीच व्हिडिओवर डिंक कसा फुलवायचा ते शिकवलं होतं. तुपात टाकल्यावर डिंक आतपर्यंत फुलला पाहिजे, नाहीतर दाताला चिकटतो. भार्गवीचे लाडू पहिल्या खेपेलाच जमले आणि दोघी एकमेकींवर खूश झाल्या.

एका दुपारी भार्गवीचा फोन आला. पोरं घरात कोंडून वैतागलीत, आशुतोषची नोकरी राहते की जाते अशी अवस्था, तिचा आवाज अगदी मलूल. तिला जरा बरं वाटावं म्हणून काकूंनी अस्वलिणीची गोष्ट काढली. ऋता आत बाळाला पाजत होती. लॅपटॉप टेबलावर उघडा होता. काकूंनी पडद्याचा फोटो काढून पाठवला, ठिपका, रस्ता, वळण, सगळं त्यात आलं. "ही बघ आपल्या ऋताची बाळंतीण. तुमच्याकडचीच आहे. पाच महिने उपाशी गं! माझ्या हातात असतं ना, तर तिच्या वाटेवर चार लाडू ठेवून आले असते."

भार्गवी हसली. काकूही हसल्या. बोलणं तिथेच संपलं, असं त्यांना वाटलं.

जूनमध्ये रस्ता उघडला. दुसऱ्याच आठवड्यात, ऋता स्वयंपाकघरात चहा गाळत असताना काकूंच्या फोनवर व्हिडिओ आला. काकूंनी चष्मा चढवला. गाडीच्या काचेतून घेतलेलं चित्र. रस्त्याच्या कडेला खडीवर अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर लाडू मांडलेले, नीट, ओळीने. झाडीतून ती आली. केवढी ती! नाक वर करून तिने हवा हुंगली, आधी थबकली, मग आली आणि एकेक लाडू उचलून खाल्ला, मग कागद चाटत राहिली. पिल्लं तिच्या पायात घोटाळत होती. गाडीत पोरांचा कल्ला. आणि भार्गवीचा आवाज: "मावशी, तुमच्या बाळंतिणीला लाडू पोचले बरं का!"

खोटं कशाला सांगायचं, काकूंचा ऊर भरून आला. डोळ्यांना पाणी आलं. एवढ्या मरणाच्या दिवसांत, सात समुद्रापलीकडे, एका भुकेल्या आईच्या पोटात आपल्या हातचं, म्हणजे आपण शिकवलेल्या हातचं तूप गेलं! त्या फोन घेऊन धावतच स्वयंपाकघरात गेल्या. "ऋता, अगं बघ, बघ तरी!"

ऋताने बघितलं. संपूर्ण बघितलं. मग परत सुरुवातीपासून बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"त्यांना जागा कुणी सांगितली?"

"मी... म्हणजे आशुतोषच आहे गं. घरचाच."

"आई!" ऋताने फोन ओट्यावर ठेवला. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "आई, ती आता विसरणार नाही. अस्वलाला अन्नाची जागा वर्षानुवर्षं लक्षात राहते, त्यावरच ते जगतं. तूप, गूळ, खोबरं, सुकामेवा. दिवसभर मुळं उकरून जेवढं मिळत नाही तेवढं एका लाडवात. आता तिथे गाडी थांबली की ती रस्त्यावर येणार. पिल्लांनाही तेच शिकवणार."

"एकदाच तर दिलं."

एकदाच नव्हतं. काकूंनी लगेच फोन लावला तेव्हा कळलं. भार्गवीने फोटो तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, "आमच्या ऋताची बाळंतीण" म्हणून, कौतुकाने. आधीच्या रविवारी प्रमोदिनी नावाच्या बाई पुऱ्या घेऊन गेल्या होत्या. आणखी कुणी फळं, कुणी पराठे. सगळे चांगले लोक. कुणी गाडीतून खाली उतरलं नाही, कुणी दगड मारला नाही. लेकुरवाळीला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून नेलं होतं सगळ्यांनी.

"मला कळवावं लागेल," ऋता म्हणाली.

"कुणाला?"

"तिथल्या वनरक्षकांना."

"नको गं! तूच म्हणालीस ना, मग ते तिला..." काकूंनी फोन पुन्हा उचलला. "मी सगळ्यांना थांबवते. आत्ता फोन करते. तू नको कळवूस. तुझ्या पाया पडते हवं तर."

"आणि उद्या एखादं पोर खाली उतरलं म्हणजे?" ऋता म्हणाली. "न कळवून कसं चालेल, आई? माझी नोकरीच ती आहे."

तिने कळवलं. ईमेल लिहिताना ती रडत होती आणि काकू दारात उभ्या होत्या. जवळ जायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर काकूंनी जेवढे फोन केले तेवढे उभ्या नोकरीत जोडले नसतील. आशुतोषला झापलं. भार्गवी हमसून हमसून रडली, तिला समजावलं. प्रमोदिनीबाईंना हात जोडले. कॅलगरीतले सगळे ओशाळले, कुणी परत गेलं नाही. ग्रुपवर फोटोपाठोपाठ टाकलेला व्हिडिओही काढून टाकला. पण तो तोवर कुठल्या कुठे गेला होता. गुजराती ग्रुपवर, पंजाबी ग्रुपवर, गोऱ्या लोकांत. तिथे फोन लावायला काकूंकडे नंबर नव्हते.

वनरक्षकांनी आपल्या परीने केलं. वळणावर थांबायला मनाईचे फलक लावले, ती दिसली की मोठे बार काढले, रबराच्या गोळ्या मारल्या. ऋता सगळं सांगायची, अगदी कोरडेपणाने, ऑफिसमधल्या माणसाला सांगावं तसं. एकदा ठिपका वर गेला, थेट बर्फाच्या रेषेपर्यंत. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. दोन दिवस घर हसलं. तिसऱ्या दिवशी ठिपका उतरून पुन्हा त्याच वळणावर.

"परत का गं येते ती?" काकू कळवळून म्हणाल्या.

"तिला दूध पुरवायचंय," ऋता म्हणाली. एवढंच.

लेक आता आईशी कामापुरतं बोलत होती. पानात वाढलेलं खात होती, पण लाडवाच्या डब्याला हात लावत नव्हती. वेदांत बिचारा दोघींच्या मध्ये उगाच विनोद करायचा आणि माळ्यावर पळायचा. काकूंनी विश्वासरावांना सगळं सांगायला फोन उचलला, आणि पहिल्यांदाच आयुष्यात, "काही नाही, सहज केला" म्हणून ठेवून दिला.

जून संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून ठिपका हलला नव्हता. तिथे रात्र होती, झोपली असेल, काकूंनी मनाशी म्हटलं. दुपारी ऋताला एक फोन आला, तो तिने बाथरूममध्ये जाऊन घेतला. बाहेर आली ती बाळाला उचलून खिडकीशी जाऊन उभी राहिली. फोन कुणाचा, काकूंनी विचारलं नाही. हल्ली त्या विचारत नसत. टेबलावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या आणि मधून मधून पडद्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी ठिपका सरकला.

काकूंनी चष्मा सारखा केला. तो पुढे गेला होता, चांगलाच पुढे, वळण सोडून. त्यांनी शेंगा खाली टाकल्या आणि पडद्यापुढे बसून राहिल्या. पुढच्या खेपेला तर ठिपका खोऱ्याच्या पार टोकाला. वळण कितीतरी मागे राहिलं होतं.

"ऋता! अगं निघाली! वळण सोडलं तिने! बघ केवढी लांब गेली, देवा, देवा, सुटली गं बाई!" त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. "मी म्हणत नव्हते? आई आहे ती, तिला बरोबर कळतं!"

ऋता मागे येऊन उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"आई, तो रस्ता आहे," ती म्हणाली.

"असू दे ना. पण निघाली तर खरी."

"अस्वल इतक्या वेगाने चालत नाही, आई. एवढं अंतर कापायला तिला दोन दिवस लागतील." ती थांबली. "काल तिने एका गाडीच्या काचेवर पंजा मारला. आत बाई होती, तिच्या दंडाला लागलं. आज पहाटे त्यांनी तिला... दुपारी फोन त्याचाच होता. तो पट्टा आहे फक्त. गाडीत आहे. गावातल्या ऑफिसात नेतायत."

काकूंचे हात गालांवरच राहिले. ठिपका आणखी थोडा सरकला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि पिल्लं?"

"पळाली झाडीत. शोधतायत."

"मग कुठायत, दाखव ना. नकाशावर दाखव."

"पिल्लांना पट्टा नसतो, आई."

काकूंनी लेकीच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाकडे बघितलं, मग पडद्याकडे. "अगं, पण अंगावर पितात ती अजून," त्या म्हणाल्या. "अंगावर पितात ना गं?"

ठिपका गावात पोचला आणि तिथे थांबला.